कंबर, गोळी आणि नमाज

तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीवर ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या गोळ्या नेहमीच्या उपचारात नकोत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. कमरेचा पट्टाही नको म्हटले. (आम्हाला तो घरोघरी दिसतो!) चालणे आणि शिकून केलेला व्यायाम यांनी गुण येतो, पण सावकाश.

सजद्यात कळ येते म्हणून गोळी घेऊन नमाजला उभ्या राहणाऱ्या खाला आम्ही पाहतो. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना प्यारे नबी (स.) यांनी त्यांना उभे राहवत नसेल तर बसून, तेही जमेना तर कुशीवर नमाज पढायला सांगितले होते. अम्मींसाठी खुर्ची आणा.

रोजची गोळी मात्र एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा.