माणसे मोजली, वाट कोण मोजणार?

देशाची पुढील जनगणना 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून व्हावयाची ठरली आहे. 2021 ची गणना साथीमुळे लांबणीवर पडली. परिणामी खेड्यांविषयी जो विचार होतो, तो अद्याप 2011 च्या आकड्यांवरच. ते आकडे मुंबईकरांनी एकदा नीट वाचावेत. कारण त्यांत त्यांच्याच घरची हकीकत आहे.

2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 मध्ये ती 16,15,069 भरली. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली असता या जिल्ह्यात 81 हजारांहून अधिक माणसे कमी झाली. सिंधुदुर्गाचीही गत तीच. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया आढळल्या. पुरुष कोठे गेले, हे या शहराला सांगणे नलगे.

कोकणातले गाव ही एक वस्ती नव्हे. त्याच्या अनेक वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात. जनगणनेची ग्रामनिर्देशिका मात्र बसविषयी एवढेच विचारते : सेवा आहे काय? नसल्यास ती पाच किलोमीटरांच्या आत, पाच ते दहांच्या दरम्यान, की त्याहून दूर? दिवसातून एकदा गाडी फाट्यावर येऊन गेली, की 'आहे' असे लिहून प्रश्न मिटतो. ती शाळेच्या वेळेस येते काय, सायंकाळी परतते काय, वरच्या वाडीपासून फाटा किती दूर, यांना रकाना नाही.

या अपुऱ्या मोजणीचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. 2024 साली मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्याने 2011 ची लोकसंख्याच प्रमाण मानली. डोंगरी राज्ये, आदिवासी क्षेत्रे अशा विशेष प्रदेशांत 250 वस्तीची, तर इतरत्र 500 ची अट आहे. म्हणजे वाट नाही म्हणून माणसे वाडी सोडतात, आणि माणसे उरली नाहीत म्हणून वाडीला वाट मिळत नाही! हे दुष्टचक्र कोणत्याही आकड्यात दिसत नाही.

रिकामी गाडी एस.टी.ने किती काळ चालवावी, असा प्रश्न यावर विचारला जाईल. तो गैरवाजवी नाही. शिवाय केवळ रस्त्याने स्थलांतर थांबेल, असेही आम्ही म्हणत नाही. पोटापाण्याचा ओढा मोठा आहे. परंतु जे मागे राहिले, ते कोण? म्हातारी माणसे, स्त्रिया आणि शाळकरी मुले. दवाखाना गाठण्याची वा दहावीपुढे शिकण्याची त्यांची गरज प्रवाशांच्या संख्येवर तोलता येत नाही. मोठी गाडी परवडत नसेल, तर लहान गाडी ठेवावी. पण ती वेळेवर असावी.

गणेशोत्सवात चाकरमान्यांसाठी जादा गाड्या सुटतात, आणि सुटल्याच पाहिजेत. पण उत्सव संपतो, गाड्या परततात, आणि आई मागे राहते ती फाट्यापर्यंत चालतच जाते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. नव्या ग्रामनिर्देशिकेत वाडीवार अंतर, दिवसातील फेऱ्या आणि शेवटच्या गाडीची वेळ यांची नोंद व्हावी. खर्च थोडा, उपयोग मोठा. हे काम सरकारचे खरे. तथापि गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वाडीची वाट एकदा पायी मोजून ग्रामसभेपुढे ठेवली, तर सरकारला ती नाकारणे जड जाईल.