नियमांची वही

जुगारी माणसाची मला कीव येते. राग येतो तो शिस्तीने जुगार खेळणाऱ्याचा.

दिवाळीच्या फराळात हे कारले कशाला, असे कुणी विचारील. पण ज्या पाडव्याला आपण ओवाळून घेतो, त्याच बलिप्रतिपदेला धर्मशास्त्राच्या ग्रंथांत द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. तेव्हा विषय सणाबाहेरचा नाही. शिवाय या प्रकरणात माझाही हात आहे, आणि तो लाल शाईने माखलेला आहे.

२०२३ च्या गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटायला आला. मुंबईत नोकरी करतो. घर रत्नागिरीजवळच्या एका वाडीत. बोलता बोलता त्याने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. क्रिकेटच्या सामन्यांवर तो पैसे लावत असे, आणि त्याचे नियम पहिल्या पानावर लिहिलेले होते. पहिला : लावायचे ते फक्त फेव्हरिटवर, म्हणजे ज्याच्या विजयाची बाजाराला खात्री आहे त्याच्यावर. दुसरा : एका सामन्याला जमेच्या विसाव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. तिसरा : लागोपाठ तीनदा हरलो तर महिनाभर बंद. चौथा : उसन्या पैशाने नाही. पाचवा : आज गेलेले आजच वसूल करायला जायचे नाही. पुढे तारीखवार जमाखर्च, आखीव समास, मोत्यासारखे अक्षर. "गुरुजी, शिस्त तुम्हीच लावलीत," तो म्हणाला.

मास्तरला दुसरे काय हवे? विषय आवडला नाही, पण वही आवडली. मी खिशातले लाल पेन काढले आणि पानाच्या खाली 'उत्तम' असा शेरा मारला.

त्या शेऱ्याची परतफेड म्हणून हा लेख आहे.

प्रथम पहिला नियम घेऊ. माझे गणित मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही, पण इथे तेवढे पुरते. समजा बुकीने फेव्हरिटचा भाव पंचवीस पैसे काढला. शंभर रुपये लावले आणि तो जिंकला, तर पंचवीस मिळतात. हरला, तर शंभर जातात. म्हणजे चार सामन्यांत मिळवलेले पाचव्या सामन्यात संपते. पाचांतले चार अचूक ओळखणारा पोरगा माझ्या वर्गात पहिला आला असता. इथे तो जिथून निघाला तिथेच उभा आहे. आणि बुकी? त्याचा भाव कधी एकटा नसतो, जोडीने असतो : पंचवीस-सत्तावीस. फेव्हरिटवर लावणाऱ्याला तो पंचवीस देणार; उलट बाजूने खेळणाऱ्याने शंभर मिळवायला सत्तावीस धोक्यात घालायचे. दोन्हीकडे सारखी गिऱ्हाइके असली की फेव्हरिट जिंकल्यास त्याला दोन रुपये सुटतात. हरल्यास एकाचे शंभर दुसऱ्याला देऊन तो मोकळा. सगळ्या खेळात ज्याला सामना पाहण्याची गरज नाही असा तो एकटाच. घोड्यांच्या शर्यतीत टोटच्या खिडकीवर हेच उघडपणे चालते. जमलेल्या रकमेतून क्लबाचा आणि सरकारचा हिस्सा आधी निघतो, मग उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात.

आता राहिलेले चार नियम. ते वाईट नाहीत. वाईट हे की सगळे हरण्याच्या भीतीने केलेले आहेत. जिंकल्यावर काय करायचे याचा नियम त्या वहीत नव्हता. त्या वर्षीच्या विश्वचषकात भारताने ओळीने दहा सामने जिंकले. माझ्या विद्यार्थ्याने प्रत्येक सामन्यात भारतावर लावले आणि नियम पाळला. पण दहावा विजय झाला तेव्हा विसावा हिस्सा त्याला भित्रेपणा वाटू लागला. त्याच वाटेने आपण शंभरऐवजी हजार लावले असते तर, हा विचार जिंकणाऱ्यालाच येतो. १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत अंतिम सामना होता. त्या दिवशी त्याने घर शाकारण्यासाठी बाजूला ठेवलेली सगळी रक्कम लावली. भारताच्या २४० धावा झाल्या. ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून सामना नेला. चौथा नियम मात्र त्याने मोडला नाही. पैसे उसने नव्हते, आईचे होते.

नियम मोडला तो त्याचा दोष, नियमांचा काय दोष, असे मला सांगतील. त्यांना मी विचारतो, ज्या नियमाचा कर्ता, रखवालदार आणि माफी देणारा एकच माणूस आहे, तो नियम म्हणायचा की मनाची समजूत? शाळेची घंटा पोराच्या हातात नसते, म्हणून ती घंटा. महाभारतात धर्मराजाहून नेमाचा माणूस दुसरा नाही, आणि त्याला फाशांवर बसवला तो नेमानेच : आव्हान आले की माघार घ्यायची नाही. त्या नेमापायी तो राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि मग द्रौपदीला पणाला लावून बसला. दुर्योधनाला बेशिस्त प्रतिस्पर्धी नको होता. त्याला हा शिस्तीचाच हवा होता. बुकीचेही तसेच आहे. बेशिस्त गिऱ्हाईक एका रात्रीत संपते. नियम पाळणारे गिऱ्हाईक थोडे थोडे घेऊन दर मोसमाला येते, आणि आपण जुगारी नाही अशी त्याची खात्री असल्यामुळे कधीच थांबत नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चामरबागवाला खटल्यात जुगार हा व्यापार नव्हे असे म्हटले. पण १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. मान्य. पण धावतो घोडा, हाकतो जॉकी. खिडकीपुढे रांगेत उभे राहण्यात फार मोठे कौशल्य ते कोणते? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे चांगलेच झाले. परंतु बुकी मोबाइलच्या आधीपासून आहे, आणि वही तर कायद्याला दिसतही नाही.

दुसरा आक्षेप आमच्या कोकणचा. मोहोर पाहून व्यापारी आंब्याची बाग धरतो. मग अवकाळी पाऊस येतो, तुडतुडा येतो. हाही जुगारच की! नाही. तिथे गेलेला पैसा फवारणीत, राखणीत, काढणीत जातो. पीक बुडाले तरी चार घरांत मजुरी पोचलेली असते आणि कलम जागेवर उभे असते. शेजाऱ्याची बाग भरली म्हणून माझी रिकामी होत नाही. पैजेत मात्र एकाच्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात जाते, आणि वाढपी दर पंगतीला पळीभर स्वतःसाठी ठेवतो.

तिसरा आक्षेप करमणुकीचा : सिनेमाच्या तिकिटासारखे समजा. पण तिकिटाचे पैसे वसूल करायला दुसऱ्या दिवशी कुणी पुन्हा थेटरात जात नाही. आणि करमणूक म्हणाल, तर १९८३ साली लॉर्ड्सवर १८३ धावांत गुंडाळलेल्या आपल्या संघाने वेस्ट इंडीजला १४० त बाद केले, तेव्हा फेव्हरिट हरला होता. म्हणून तर देश नाचला. फेव्हरिटवर पैसे लावून बसलेल्याला त्या रात्री नाचता आले असते का? तो खेळ पाहत नाही, भाव पाहतो.

२०२४ च्या गणपतीत मी त्याच्या घरी गेलो. कौले शाकारलेली नव्हती. पडवीवर निळे प्लास्टिक ओढले होते आणि मखराशेजारी ठिबकणाऱ्या पाण्याखाली पातेले ठेवले होते. त्याच्या आईने चहा दिला आणि सहज विचारले, "गुरुजी, ती वही तुम्ही तपासली होती ना?" मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

निघताना तो मागोमाग बेड्यापर्यंत आला. हातात नवी वही होती. आता नियम सात होते, आणि सहावा होता : आईच्या पैशाला हात लावायचा नाही. अक्षर पूर्वीइतकेच सुंदर. मी लाल पेन काढले आणि पानभर मोठा भोपळा काढला. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मी कुणाच्या वहीत इतका मोठा भोपळा काढलेला नाही. त्याला राग आला. त्यानंतर तो माझ्याकडे आलेला नाही.

त्याचा राग मी सोसीन. पण वाचकहो, तुमच्या घरात कुणाकडे अशी नीटनेटकी वही असेल, तर तिच्या अक्षराला भुलू नका. पाहायची झालीच तर त्याच्या घराची कौले पाहा.