पी २२ मागितला तर पी २२च द्या

इकडे कोराडी-खापरखेडा, तिकडे हिंगणा-बुटीबोरीचे बॉयलर. त्यामुळे नागपुरात मला हमखास विचारलं जातं, "सर, अलॉय स्टील पाइपच्या सप्लायमध्ये उतरू का?" माझं स्पष्ट मत: उतरा, पण रेटच्या जोरावर नाही, कागदाच्या जोरावर.

आधी माल समजून घ्या. साधा कार्बन स्टील पाइप साधारण ४२५ अंश सेल्सिअसच्या वर जास्त वर्षं भरवशाचा राहत नाही. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या युनिटमध्ये वाफ ५०० अंशांच्याही पुढे जाते. एवढ्या उष्णतेत, दाबाखाली, स्टील वर्षानुवर्षं हळूहळू ताणलं जातं. यालाच क्रीप म्हणतात. मॉलिब्डेनम त्याला आवर घालतं, क्रोमियम पापुद्रे धरू देत नाही. म्हणून एएसटीएम ए ३३५ चे ग्रेड: पी ११ मध्ये क्रोमियम साधारण सव्वा टक्का, पी २२ मध्ये सव्वादोन, पी ९१ मध्ये नऊ.

आता खरी गोम. पी ११ आणि पी २२ शेजारी ठेवा, डोळ्यांनी फरक कळत नाही. चुंबक दोघांनाही चिकटतं. मग "वरचा ग्रेड दिला तर चालेल ना?" नाही चालत! ग्रेड बदलला की वेल्डिंग रॉड, प्रीहीट, नंतरची हीट ट्रीटमेंट, सगळं बदलतं. ग्रेड ठरवणं ग्राहकाच्या इंजिनिअरचं काम. मागितला तोच दिला, हे सिद्ध करणं आपलं.

मी सुरुवातीला काय केलं? पी २२ चा पाइप कापला आणि हीट नंबर असलेलं टोक आधी विकून टाकलं. उरलेला तुकडा बिननावाचा झाला. कोणी घेईना, शेवटी भंगारात गेला. भांडवल अडकलं ते वेगळंच.

म्हणून कापण्याआधी नंबर उरलेल्या तुकड्यावर पंच करा. तो मिल टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा. बॉयलरच्या स्टीम लाइनसाठी आयबीआरचा फॉर्म थ्री-ए घ्या. शंका आली तर पीएमआय टेस्ट करा. आणि सुरुवातीला स्टॉक भरू नका. लेखी ऑर्डर आली की मगच खरेदी.

दोन पैसे महाग पडलं तर ग्राहक घासाघीस करेल. चुकीचा पाइप फुटला तर शेजारी उभा असलेला कामगार भाजेल. रेट कमी करता येतो मित्रांनो, ते परत घेता येत नाही.