जमीन गेली, गाव गेले. मग जलाशयातला मासा कुणाचा?

डोंगरकडा येथे एका बैठकीसाठी आम्ही गेलो होतो. बैठक संपली, लोक पांगले, तरी साठीच्या पुढचे एक बांधव दाराशी थांबून राहिले. "जयभीम वकीलसाहेब, एवढा कागद वाचून सांगा," म्हणाले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक घडी केलेला अर्ज काढला. एका मच्छीमार सहकारी संस्थेकडे सभासदत्व मागणारा तो अर्ज होता. त्यावर पोचेचा शिक्का होता, तारीख होती. पण चार महिने उलटूनही लेखी उत्तर नव्हते. तोंडी उत्तर मात्र मिळाले होते : "तुमचा हा धंदा नाही."

या बांधवांचे वडील पैनगंगेच्या काठी राहत. शेतात मजुरी करायची आणि नदीला पाणी असेतो गळ टाकून, जाळे लावून मासे धरायचे, यावर त्यांचे घर चालले. पुढे इसापूरचे धरण झाले. गाव पाण्यात गेले. ज्यांच्या नावे सातबारा होता त्यांना मोबदला मिळाला. ज्यांच्या नावे काहीच नव्हते त्यांची नदी गेली, आणि नदीचा मोबदला कोणत्याही पंचनाम्यात लिहिला गेला नाही. आज त्याच पाण्यात जाळे टाकायला गेले की त्यांना परवानगी विचारली जाते.

अर्जाचे काय करायचे ते आम्ही त्यांना सांगितले. पण उठता उठता त्यांनी विचारले, "सभासद झालो समजा. पाच वर्षांनी ठेकाच दुसऱ्याला गेला तर?" या प्रश्नाने आम्हाला हा लेख लिहायला लावले.

ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचा हा जलाशय हिंगोली आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पसरला आहे. उपयुक्त साठा सुमारे 964 दशलक्ष घनमीटर. याच कालव्याच्या पाण्यावर कळमनुरी, अर्धापूर, हदगाव या पट्ट्यात केळी आणि ऊस उभा राहतो. कालव्याच्या पाण्यावर कुणाचा हक्क, याचे नियम आहेत, पाळीपत्रके आहेत, पाणीवापर संस्था आहेत. पण ज्यांना बुडवून हे पाणी अडवले, त्यांचा या पाण्यातल्या माशावर हक्क काय, असे विचारले की उत्तर एका शब्दात मिळते : ठेका!

ठेका म्हणजे मुदतीची मेहेरबानी. आपल्या राज्यात जलाशय साधारणपणे पाच वर्षांसाठी ठेक्याने दिले जातात. 2017 आणि 2019 साली शासनाने या धोरणात फेरबदल केले. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. परंतु शेतकऱ्याच्या हाती सातबारा असतो. मच्छीमाराचा सातबारा कुठे आहे?

कायद्याला हा प्रश्न नवा नाही. ओरिसातील चिल्का सरोवराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1955 सालीच सांगितले की, ठराविक पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतील लाभाचा हक्क आहे. म्हणजे पैसे मोजून घेतला की मासेमारीचा हक्क मालमत्ता ठरतो. आणि पिढ्यान् पिढ्या नदीवर जगणाऱ्याने मागितला की ती सवलत ठरते. हा न्याय कोणता?

या जागी जगाकडे पाहिले पाहिजे. कॅनडाच्या पश्चिम टोकाला नास नदीच्या खोऱ्यात निस्गा नावाचे मूलनिवासी लोक राहतात. नदीतला सॅमन मासा हे त्यांचे अन्न. गोऱ्यांचे सरकार आले, नदी सरकारची झाली, आणि आपल्याच नदीत हे लोक परवान्याचे धनी झाले. 1913 साली त्यांनी थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज पाठवला. पुढे कॅनडाच्या सरकारने कायदाच केला की, जमिनीच्या दाव्यासाठी मूलनिवासींकडून सरकारी परवानगीशिवाय निधी गोळा करणे हा गुन्हा होय. म्हणजे वकील लावायची वाटच बंद! हा कायदा झाला 1927 साली. त्याच वर्षी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरत होते. तो 1951 पर्यंत टिकला. तरी निस्गा हटले नाहीत. 1973 साली सर्वोच्च न्यायालयात त्यांचा खटला तांत्रिक कारणाने फसला, पण मूलनिवासींचा भूमीवरील हक्क कायद्याला ओळखावा लागला. अखेर तह झाला आणि 11 मे 2000 रोजी अंमलात आला.

त्या तहात काय आहे? नदीत परतणाऱ्या सॅमनमध्ये निस्गांचा वाटा लिहून ठेवलेला आहे. मासेमारीच्या व्यवस्थापनासाठी निस्गा, कॅनडा आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांची संयुक्त समिती आहे. वर्षाची योजना निस्गा स्वतः तयार करतात, माशांची मोजदादही तेच करतात. माशाचे संरक्षण हे सर्वांवर बंधन आहे आणि शेवटचा अधिकार अजूनही केंद्रीय मंत्र्याकडे आहे. तेव्हा हा स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हा तह कॅनडाच्या राज्यघटनेच्या संरक्षणाखाली आहे. सरकार बदलले, अधिकारी बदलला, दर वाढला, म्हणून निस्गांचा वाटा जात नाही. ठेका आणि हक्क यांतला फरक हाच आहे.

कुणी म्हणेल, ते कॅनडात चालते, आपल्याकडे नाही. आपल्याकडेही झाले आहे. मध्य प्रदेशात तवा धरणाने 44 गावे विस्थापित केली. तिथल्या आदिवासी आणि दलित धरणग्रस्तांनी लढा देऊन 1996 साली जलाशयातील मासेमारीचा हक्क आपल्या संघाकडे घेतला. तवा मत्स्य संघाने बीज सोडले, बंदीच्या काळात जाळी बाहेर ठेवली, गावागावांतल्या प्राथमिक संस्था चालवल्या, सरकारला स्वामित्वधन दिले. ज्यांना सरकार अडाणी समजत होते त्यांनी जलाशय सांभाळून दाखवला. पण त्यांच्याही हाती पाच वर्षांचाच करार होता. 2001 साली तो वाढवून मिळाला. 2006 अखेर मुदत संपली तेव्हा व्याघ्रप्रकल्प आणि अभयारण्याचे नियम पुढे आले, आणि करार पुन्हा झाला नाही. दहा वर्षांची कमाई एका तारखेला बुडाली. डोंगरकड्याच्या त्या बांधवांची भीती खोटी नाही, हे तवाने सांगितले आहे.

आता आपल्या हातात कायदा काय आहे ते पाहू. हिंगोली जिल्ह्यात आंध आदिवासी मोठ्या संख्येने आहेत, कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. पण हा जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. त्यामुळे लहान जलसाठे पंचायतीच्या हाती देणारा 1996 चा पेसा कायदा इथे लागू होत नाही. मात्र 2006 चा वनहक्क कायदा लागू होतो. त्याच्या कलम 3 (1) (घ) मध्ये पाणवठ्यांतील मासे आणि इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. अभयारण्यातील वनजमीनही त्यातून सुटलेली नाही. पुराव्यासाठी मासेमारीच्या परंपरागत जागा चालतात आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. आदिवासींखेरीज इतरांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. ती जाचक आहे, विशेषतः ज्यांचे गावच पाण्याखाली आहे त्यांना. म्हणूनच जाणती माणसे हयात आहेत तोवर हे जबाब लिहून घेतले पाहिजेत.

दुसरा कायदा 2013 चा भूसंपादन आणि पुनर्वसनाचा. त्याचे कलम 41 म्हणते की, बाधित क्षेत्रातील नदी, तळे वा धरणात मासेमारीचा हक्क असणाऱ्या अनुसूचित जमाती, परंपरागत वननिवासी आणि अनुसूचित जाती यांना जलाशयात मासेमारीचा हक्क दिला जाईल. अनुसूचित जाती हा शब्द तिथे आहे, तो ठळक अक्षरांत वाचावा. इसापूरचे संपादन त्याआधीचे असल्याने हे कलम आमच्या बांधवांना थेट लागू होणार नाही, हे आम्ही वकील म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. पण जो न्याय 2013 नंतरच्या धरणग्रस्ताला, तो त्याआधीच्या धरणग्रस्ताला का नाही, हा प्रश्न विधिमंडळात विचारता येतो. तो विचारायला कुणी तयार आहे काय?

आता "तुमचा हा धंदा नाही" या वाक्याकडे येऊ. जातीने धंदा ठरतो, हा मनूचा नियम सहकार कायद्यात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चे कलम 22 आणि 23 वाचा. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकार दिला तर निबंधकाकडे अपील करता येते. त्या बांधवांच्या अर्जावरचा पोचेचा शिक्का म्हणूनच लाखमोलाचा होता.

परंतु इथेच आम्हाला आपल्या कार्यकर्त्यांशीही बोलायचे आहे. ही लढाई भोई, कहार, ढिवर बांधवांच्या विरोधात नाही. ते स्वतः भटक्या जमातींत मोडतात, पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जगले आहेत आणि मोठ्या ठेकेदारापुढे तेही मजूरच आहेत. त्यांना वाटणारी भीती आपण समजून घेतली पाहिजे. न्यूझीलंडमध्ये 1992 साली माओरी लोकांचा सरकारशी मासेमारीचा समझोता झाला. कोटा मिळाला, मोठ्या कंपनीत अर्धा वाटा मिळाला. मग तो कुणात वाटायचा यावर टोळ्यांमध्ये, आणि टोळीपासून तुटून शहरात गेलेल्या माओरींशी, इतका वाद झाला की वाटपाचा कायदा व्हायला 2004 साल उजाडले. हक्क मिळवणे अर्धी लढाई; तो आपसात न्यायाने वाटणे ही उरलेली अर्धी.

चवदार तळ्याने आपल्याला हेच शिकवले. तळ्यावर आमचीच वहिवाट, असे सांगत सवर्ण मंडळी कोर्टात गेली. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही असे सांगून त्यांचे अपील फेटाळले. वहिवाट माणसाला जगवण्यासाठी सांगितली तर ती हक्क असते; दुसऱ्याला हाकलण्यासाठी सांगितली तर ती जात असते. भोई बांधवांची वहिवाट आपण मान्य करू, आणि आपल्या धरणग्रस्तांचा वाटा त्यांनी मान्य करावा.

म्हणून मागणी ठेक्याची नको, कायम कराराची हवी. भूमिहीनांसह प्रत्येक धरणग्रस्त कुटुंबाचा आणि परंपरागत मच्छीमाराचा वाटा त्यात लिहिलेला असावा. मत्स्यव्यवसाय, पाटबंधारे, वनविभाग आणि मच्छीमार यांची संयुक्त समिती असावी. बीज किती सोडायचे, बंदी कधी, उन्हाळ्यात पाणी किती राखायचे, हे तिने ठरवावे आणि तिच्यात बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायाही असाव्यात. मुदत संपली म्हणून वाटा संपू नये.

ते बांधव निबंधकाकडे जायला तयार झाले आहेत. जाताना त्यांनी दोन नावे आणखी आणली : एक आंध, एक भोई. तिघांचे गाव एकाच पाण्याखाली आहे. अर्ज आता तिघांचा आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपल्या जवळच्या तलावावर असे किती अर्ज निरुत्तर पडून आहेत, ते या महिन्यात शोधावे.

जयभीम!