मंथरेचे काम कोण करणार?

घरातली एखादी बाई जरा कडक बोलली की ‘अगदी ललिता पवार आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. धूलकोटच्या बाजारात हे हिंदीतून ऐकू येते, निमाडीतून ऐकू येते आणि आपल्या मराठी घरांतून तर येतेच. सुनांनी आपसांत सासूबद्दल म्हणावे, इथवर आम्हीही ते हसण्यावारी नेले असते. पण डोळ्यात थोडा दोष असलेल्या मुलींना मधल्या सुट्टीत हेच नाव चिकटवले जाते असे कानावर आले, तेव्हा या पानावर लिहिणे आम्हाला भाग पडले. चिडवणाऱ्या मुलांनी ललिताबाईंचे सिनेमे बहुधा पाहिलेले नाहीत. नाव त्यांनी आपल्याकडून, म्हणजे मोठ्यांकडून, उचलले आहे.

तर ज्यांचे नाव आपण शिवीसारखे वापरतो त्या बाई कोण होत्या, हे आधी पाहू.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. पैठणीचे येवला; भुसावळवरून मनमाड गाठले की पुढे थोड्याच अंतरावर. माहेरचे नाव अंबा. बोलपट यायच्या आधीच, १९२८ साली, लहान मुलीचे काम करण्यासाठी त्या पडद्यावर आल्या. पुढे बोलपट आले आणि त्या नायिका झाल्या. १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’मध्ये नायिका, पडद्यावर स्वतःची गाणी स्वतः म्हणणाऱ्या, आणि चित्रपटनिर्मितीत हात घालण्याची धमक असलेल्या. खाष्ट सासूच्या आधीची ही तरुण बाई आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एक प्रसंग होता. भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. थप्पड खरोखरच लागली, आणि फार जोरात लागली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याला इजा झाली. भगवानदादांनी ते मुद्दाम केले नव्हते. उपचार वर्षानुवर्षे चालले, पण डावा डोळा बारीक राहिला तो कायमचाच. वय अवघे सव्वीस. त्या काळी नायिकेचा चेहरा हेच तिचे सारे भांडवल, त्यामुळे नायिकेची कामे संपली.

इथे बहुतेकांनी घर गाठले असते, आणि त्यांना कोणी नावे ठेवली नसती. ललिताबाईंनी मात्र जो डोळा लपवायचा तोच कामाला लावला. डोळा किंचित मिटला, मान तिरकी झाली, ओठ दाबले गेले की थिएटरातल्या बायका पडद्याकडे पाहून बोटे मोडू लागत. प्रभातच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’चा ‘मा’ ही गोष्ट आपण इतिहासाच्या तासाला ऐकतो. तो ‘मा’ करणारी बाई पडद्यावर उभी करायची म्हणजे साऱ्या महाराष्ट्राचा राग अंगावर घ्यायचा. पुढे ‘दहेज’, ‘जंगली’, ‘प्रोफेसर’, ‘सौ दिन सास के’ अशी कितीतरी कामे झाली. १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले आणि त्यातली मंथरा घराघरांत पोहोचली. २०२० च्या टाळेबंदीत तेच ‘रामायण’ पुन्हा लागले, तेव्हा नातवंडांनीही ती पाहिली.

पण आपल्या केळीवाल्या बुरहानपूर जिल्ह्याने एक काम विशेष लक्षात ठेवायला हवे होते. १९५५ च्या ‘श्री ४२०’मध्ये ललिताबाई रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई आहेत. तोंडाने फटकळ, भावावर अडून बसणारी, आणि उपाशी पोराला पाहून विरघळणारी. अशा बाया आपण दर बाजारी पाहतो. चार वर्षांनी आलेल्या ‘अनाडी’मध्ये त्या मिसेस डिसा झाल्या: भाडेकरू पोरावर दिवसभर ओरडणारी आणि मागच्या दाराने त्याचीच काळजी वाहणारी घरमालकीण. या कामाला सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. तेच तोंड, तोच डोळा, पण पाहणाऱ्याला माया वाटते. म्हणजे दुष्टपणा डोळ्यात नव्हताच. तो ललिताबाई हवा तेव्हा आणत आणि हवा तेव्हा काढून ठेवत. आम्हाला विचाराल तर मंथरेपेक्षा मिसेस डिसा कांकणभर सरस आहे.

अमेरिकेत पीटर फॉक नावाचे नट होते. तीन वर्षांचे असताना आजारामुळे त्यांचा उजवा डोळा काढावा लागला. जन्मभर त्या जागी काचेचा डोळा. तिरप्या नजरेचा, चुरगळलेल्या कोटातला त्यांचा पोलीस अधिकारी ‘कोलंबो’ टीव्हीवर अफाट गाजला, आणि तिकडे त्या नजरेला लोक हुशारीची खूण समजू लागले. आपण त्याच नजरेला सासुरवासाची खूण केली. बाईचा डोळा आणि पुरुषाचा डोळा यांत आपण फरक करतो की काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता शाळेविषयी. स्नेहसंमेलनात रामायणातला प्रवेश ठरला की राम, सीता, लक्ष्मण यांसाठी पालकांच्या शिफारशी येतात. मंथरा कोणालाच नको असते, आणि मग जिला नाही म्हणता येत नाही अशा मुलीच्या पाठीवर उशी बांधली जाते. तिला वर्षभर त्या नावाने हाका बसतात. आमच्या मते हे दुहेरी चूक आहे: त्या मुलीवर अन्याय आणि नाटकाचेही नुकसान. कैकेयीचे मन फिरवणारी मंथरा जर पुटपुटून निघून गेली, तर राम वनवासाला का गेला हे प्रेक्षकांना कळणार कसे? त्या प्रवेशातले सर्वांत अवघड काम तेच आहे. ते वर्गातल्या सर्वांत तयारीच्या मुलीला किंवा मुलालाही द्यावे, आणि कोणाच्या शरीराकडे पाहून कधीच देऊ नये.

बक्षिसांचेही तसेच. आपल्याकडे उत्कृष्ट अभिनयाचे बक्षीस बहुतेक वेळा मुकुट घालणाऱ्याला जाते. दुय्यम भूमिकेसाठी वेगळे बक्षीस ठेवावे अशी आमची सूचना आहे. खर्च एका पेल्याचा.

आणि घरात ते नाव शिवी म्हणून वापरणे मोठ्यांनी आधी थांबवावे. मुलांना सांगायचेच असेल तर ‘अनाडी’ दाखवावा. तो आता मोबाईलवरही पाहता येतो. ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात गेल्या. सत्तर वर्षे त्यांनी काम केले, आणि नायिका म्हणून त्यातली जेमतेम काही.

संमेलनाच्या नाटकासाठी नावे घेणे सुरू झाले आहे. रामासाठी अकरा नावे आली आहेत. मंथरेसाठी अजून एकही नाही.