डोळा घडतो तेव्हा घरात कुणाला खबरही नसते

भगिनींनो, ‘दिवस राहिल्याचे कळले की औषधे जपून घेऊ,’ असे आपण म्हणतो. बाळाच्या डोळ्यांच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असू शकतो. गर्भ राहिल्यापासून साधारण २२व्या दिवशी डोळे घडू लागतात. तेव्हा पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. घडणाऱ्या डोळ्याच्या खालच्या बाजूला एक फट असते. ती सातव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. मिटली नाही, तर बुबुळात किंवा आतल्या पडद्यात खाच राहते. तिला कोलोबोमा म्हणतात.

पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये थॅलिडोमाइड ही झोपेची गोळी आली. ती चिठ्ठीशिवाय मिळे. गरोदर बायका मळमळीवरही ती घेत. नोव्हेंबर १९६१ मध्ये ती मागे घेतली गेली, तोवर हजारो मुले हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली होती. त्यांतल्या काहींचे डोळे फार लहान होते, काहींना कोलोबोमा होता, काहींना डोळा बाहेरच्या बाजूला वळवता येत नसे. धोक्याचे दिवस होते गर्भ राहिल्यापासूनचे साधारण २० ते ३६.

आज आपल्याकडे मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल मिळते. निकाह ठरला की चेहरा नितळ व्हावा म्हणून मुली मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती सुरू करतात. हे औषध गर्भाचे कान, हृदय, मेंदू आणि डोळे बिघडवू शकते. ते बंद केल्यावरही किमान एक महिना गर्भ राहू देऊ नये. पाळी आणण्यासाठी परस्पर घेतलेल्या मिसोप्रोस्टॉलनंतर गर्भ टिकला, तर कधी बाळाच्या चेहऱ्याच्या आणि डोळा वळवणाऱ्या नसा लुळ्या राहतात.

म्हणून निकाहाची तारीख ठरली किंवा मूल हवे असे वाटले, की चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवा. मेडिकलवाल्यालाही ‘दिवस राहिले असतील’ हे न लाजता सांगा. मात्र फिट, मधुमेह किंवा थायरॉइडच्या गोळ्या घाबरून स्वतःहून बंद करू नका. अंगावर काढलेला आजारही बाळाला भोवतो. औषध बदलायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आणि सासरच्या मंडळींनो, डोळ्याचे व्यंग घेऊन बाळ आले, तर ‘तू काय खाल्लेस?’ असे सुनेला विचारू नका. पुष्कळदा कारण आनुवंशिक असते, कधी सापडतच नाही. त्या वेळी बाळाला नेत्रतज्ज्ञाकडे लवकर नेणे महत्त्वाचे.