सामना मोठा की माणूस?



इंग्लंडात लिव्हरपूल नावाचे बंदराचे शहर आहे. तिथे फुटबॉलचे फार वेड. लिव्हरपूल संघाच्या मैदानाचे नाव अ‍ॅनफिल्ड. गुरुजींनी त्याची माहिती सांगितली तेव्हा माझे एक मत झाले. ते मी लिहिते.

हे मैदान १८८४ साली सुरू झाले. गंमत म्हणजे पहिली आठ वर्षे तिथे एव्हर्टन नावाचा दुसराच संघ खेळायचा. मग मैदानाचे मालक जॉन हाउल्डिंग आणि संघ यांचे भाड्यावरून भांडण झाले. १८९२ साली एव्हर्टनवाले मधली बाग ओलांडून पलीकडच्या मैदानावर गेले. मैदान पडले रिकामे! म्हणून हाउल्डिंग यांनी नवा संघच काढला. तोच लिव्हरपूल. म्हणजे आधी मैदान आले आणि मागून संघ.

१९०६ साली एका गोलाच्या मागे राख-मातीचा उंच भराव घातला. लोक त्यावर उभे राहून खेळ बघत. त्याला कॉप म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत स्पियन कॉप नावाची टेकडी आहे. १९०० साली तिथल्या लढाईत इंग्रजांचे पुष्कळ शिपाई मेले, त्यांत लिव्हरपूलकडचेही होते. त्यांची आठवण म्हणून हे नाव दिले. त्या लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्यांत आपले गांधीजी होते. तेव्हा ते तिकडे वकिली करत.

कॉपवर पूर्वी सुमारे २८,००० माणसे दाटीवाटीने उभी राहत आणि झुलत झुलत गाणी म्हणत. ऐकायला मजा वाटते. पण गर्दी वाईट असते. १५ एप्रिल १९८९ ला लिव्हरपूलचा सामना दुसऱ्या गावी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर होता. बाहेर खूप गर्दी झाली म्हणून पोलिसांनी मोठे दार उघडले. लोक आत शिरले ते आधीच भरलेल्या भागात. पुढे होती लोखंडी जाळी. पुढच्यांना बाहेर पडता येईना. माणसे चेंगरली. प्रेक्षकांनी जाहिरातीच्या फळ्या उखडल्या आणि त्यांचीच डोली करून जखमींना उचलून नेले. तरी ९७ जण दगावले. त्यांतला सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता. मी पण दहा वर्षांचीच आहे.

वर दोष कुणाला दिला? तर प्रेक्षकांनाच! त्यांच्या घरच्या माणसांनी २७ वर्षे दाद मागितली. शेवटी २०१६ साली पंचांनी निकाल दिला की प्रेक्षकांचा काही दोष नव्हता.

त्या चेंगराचेंगरीनंतर १९९४ साली कॉपवरच्या उभे राहण्याच्या पायऱ्या काढून खुर्च्या बसवल्या. आता तिथे साधारण १२,००० माणसे मावतात. काही लोक म्हणतात, पूर्वीची मजा गेली. मला ते पटत नाही. मजा गेली तर पुन्हा करता येते. गेलेले माणूस परत येत नाही. आणि गाणी तर लोक अजून म्हणतातच की! अलीकडे काही रांगांना कठडे लावलेत. कुणी उठून उभे राहिले तरी पुढच्याच्या अंगावर पडत नाही. सगळ्या मैदानात मिळून आता ६१,००० हून जास्त माणसे बसतात. म्हणजे नीट व्यवस्था केली तर गर्दीलासुद्धा जागा होते.

सामना नसेल तेव्हा तिकीट काढून मैदान आतून बघता येते. खेळाडूंच्या खोल्या दाखवतात. मैदानावर जायच्या वाटेवर ‘हे अ‍ॅनफिल्ड आहे’ अशी इंग्रजी पाटी आहे. पुष्कळ खेळाडू तिला हात लावून पुढे जातात. पण मी कधी गेले तर आधी बाहेरच्या स्मारकापाशी जाईन. तिथे ९७ नावे कोरली आहेत आणि एक ज्योत सारखी तेवत असते.

माझे मत असे आहे. मैदानात माणसे किती मावली यावर मैदान मोठे ठरत नाही. आलेले सगळे धडपणे घरी गेले, तर ते मैदान मोठे.

आणि मोठ्या माणसांनो, एक विनंती. यात्रेत कुस्त्या बघताना मागून रेटू नका. पुढे आम्ही लहान मुले बसलेली असतो.

– इयत्ता ४ थी